मानाची काठी
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त झालेले व्याख्यान)



श्रींच्या कृपेने आणि पंचक्रोशीच्या श्रमाने मंदिराचे काम पुरे झाले, शिखरावर कलश चढला. दगड किती लागला, कारागिरांची मजुरी किती झाली, वर्गणी किती जमली, या गोष्टी हिशेबाच्या आहेत आणि हिशेब ज्याने त्याने डोळ्यांखालून घालावा. परंतु ज्यांनी एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार जवळून पाहिला आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पैशाचा प्रश्न दोन-चार बैठकांत सुटतो. सुटत नाही तो मानाचा प्रश्न. कलशाला पहिला हात कोणाचा, पहिली आरती कोणाची, पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर, फरशीवर नाव कोणाचे वर आणि कोणाचे खाली, यावर सख्खे चुलतभाऊ वर्षानुवर्षे बोलेनासे झाल्याची उदाहरणे गावोगावी सापडतात. लाख रुपये देऊन नाव लावू नका म्हणणारा देणगीदारही असतो आणि शंभराची पावती फाडून माईकवरून नाव पुकारले नाही म्हणून मांडवातून उठून जाणाराही असतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे. हिंदू धर्माविषयी बोलायचे म्हटले की वेद, उपनिषदे, गीता, चार आश्रम, सोळा संस्कार असा मोठा पसारा मांडण्याची रीत आहे. तो पसारा थोर आहे, यात वाद नाही. पण पन्हाळा तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरात धर्म ज्या वाटेने शिरतो ती वाट पोथीची नाही. ती खेट्याची आहे, जत्रेची आहे, पालखीची आणि पायघडीची आहे. तेव्हा श्रद्धेचा समाजावर काय परिणाम होतो हे जाणायचे असेल, तर मान कोणाला मिळतो, कसा मिळतो आणि कोणाला मिळत नाही, एवढे नीट पाहिले तरी पुष्कळ कळते.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्योतिबाचा डोंगर समोर आहे. वाडी रत्नागिरी हे त्या गावाचे नाव, तालुका पन्हाळा. रत्नासुराचा वध करण्यासाठी केदारनाथ येथे आले आणि दख्खनचा राजा होऊन राहिले, ही कथा लहान मुलांनाही पाठ आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला त्या डोंगरावर लाखो माणसे लोटतात. गुलाल आणि खोबऱ्याच्या उधळणीने देवळाची शिखरे, दगडी पायऱ्या, माणसांचे केस, सारे गुलाबी होऊन जाते. हवेला दवण्याचा वास असतो. आणि या गर्दीच्या डोक्यावरून एकामागून एक सासनकाठ्या डुलत येतात.

सासनकाठी म्हणजे उंचच उंच वेळू. त्याला रंगीत कापड गुंडाळलेले, वर निशाण, शेंड्यापासून चारी दिशांना दोर सोडलेले. बुंधा पेलणारा गडी एकटा असतो. कोणी खांद्यावर, कोणी कमरेशी, कोणी तळहातावर तोलून तो काठी नाचवतो आणि पाहणारे त्याचेच कौतुक करतात. पण काठी उभी असते ती दोर धरणाऱ्यांच्या भरवशावर. एका बाजूचा दोर सैल पडला की एवढा मोठा वेळू बघता बघता कलतो आणि खालच्या गर्दीत हाहाकार उडतो. दोर धरणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. हाताला घट्टे मात्र त्याच्याच पडतात.

या काठ्यांना क्रम आहे. मानाच्या १०८ काठ्या गणल्या जातात. त्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या काठीचा, दुसरा पाटण तालुक्यातील विहे गावचा. पन्हाळ्याच्या डोंगरावर पहिला मान पन्हाळ्याचा नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यजमानाने मागे राहावे आणि दुरून चालत आलेल्याला पुढे करावे, हा घरचा शिष्टाचार देवाच्या दारीही पाळला गेला. पूजा गुरवांकडे. नैवेद्य पुरणपोळीचा, जो गरिबाच्या घरीही सणाला शिजतो.

गावच्या जत्रेतही याच पद्धतीची वाटणी दिसते. परटाने पायघड्या घालायच्या, कुंभाराने घट द्यायचा, न्हाव्याने दिवटी धरायची, सुताराने पालखीचा दांडा पाहायचा, मांगाने हलगी वाजवायची. यांतला एक जण आला नाही तर देव जागचा हलत नाही. पाटील कितीही मोठा असला तरी पायघडी पडेपर्यंत त्याला थांबावे लागते. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याच्या शब्दाला चावडीवर वजन नाही, त्याच्यासाठी वर्षातून एक दिवस सारे गाव खोळंबते. जुन्या माणसांनी हे मोठ्या शहाणपणाने रचले असे म्हटले तर ते खोटे नाही. (हल्ली डॉल्बी भाड्याने आणतात आणि हलगी, घुमके, कैताळ वाजवणाऱ्या घरातला पोरगा शिरोलीच्या कारखान्यात पाळीला जातो. कानठळ्या बसतात, पण देवासाठी कोणाला खोळंबावे लागत नाही. जत्रा हलकी झाली ती इथे.)

पण या चित्राची एक बाजू सांगून थांबणे हा अर्धवटपणा होईल. ज्या रचनेने प्रत्येकाला मान दिला तिनेच प्रत्येकाची हद्दही आखली. हलगीवाला देवापुढे वाजवत जाई आणि उंबऱ्याशी थांबे. महाराचा मान वेशीवर असे, दारात नसे. पालखी त्यांच्या वस्तीवरून जाई, पण वस्तीतली माणसे पालखीला शिवत नसत. कामापुरते आत आणि एरवी बाहेर, अशा मानाला मान म्हणावे की बेगार, हा प्रश्न त्या माणसांनी मनात किती पिढ्या गिळला असेल याचा विचार फारसा कोणी केला नाही. पुढे १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि गावोगावी जत्रेतली ती कामे सोडून दिली. त्या वेळी अनेक गावांनी परंपरा मोडली म्हणून राग धरला. ज्याला देवळात घेतले नाही त्याने देवळाचे काम का सोडले, असे विचारण्याचा अधिकार गावाला होता काय?

परंपरा म्हणजे जे कधीच बदलत नाही ते, असा एक समज आहे. तोही ज्योतिबाच्या डोंगरावरच तपासून पाहावा. आज जे मुख्य देऊळ दिसते ते मूळचे नव्हे. कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्ताने मूळ देवालय बांधले असे सांगतात. त्या जागी १७३० साली राणोजी शिंदे यांनी सध्याचे देऊळ उभे केले. कण्हेरखेडचा हा पुरुष पुढे माळव्यात मोठा झाला, त्याच्या वंशाने ग्वाल्हेरचे राज्य केले, पण कुलदैवत म्हणून हा डोंगर त्यांनी सोडला नाही. शेजारचे रामलिंगाचे देऊळ १७८० सालचे, मालजी निळम पन्हाळकर यांचे. केदारेश्वराचे देऊळ १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी बांधले. म्हणजे भाविक ज्याला 'अनादी' म्हणून हात जोडतो त्या देवळांच्या आवाराला आजचे रूप येण्यास निदान पाऊणशे वर्षे लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यात आपापला दगड बसवला. देव तोच राहिला. भिंती, मांडणी, दारे बदलत गेली.

आणखी एक प्रथा याच डोंगराची आहे, ती म्हणजे खेटे. केदारनाथ आपले कार्य आटोपून हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा करवीरची अंबाबाई अनवाणी त्यांना वळवायला निघाली, अशी कथा आहे. तिच्या त्या चालण्याची आठवण म्हणून माघ महिन्यापासून पाच रविवार लोक पायी डोंगर चढतात. कोल्हापूरहून निघालेले भाविक पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाच्या वाटेने पहाटेच वर पोचतात. कित्येकजण अनवाणी असतात. दूधवाला, मास्तर, कॉलेजातली मुले, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, सारे अंधारात 'चांगभलं' म्हणत चालतात.

काठीला क्रम आहे, खेट्याला नाही. खेट्यात पुढे कोण आणि मागे कोण हे पाय ठरवतात. दम लागला तो बसतो, मागचा पुढे जातो. वाटेत चहा देणारा जात विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. एकाच देवाच्या एकाच डोंगरावर या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात, आणि खेट्याला काठीपेक्षा कमी पुण्य लागते असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

मानाची गोष्ट निघाली आहे तर पन्हाळगडाचीही एक आठवण केली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. तालुक्याला अभिमान वाटावा असा तो दिवस होता. त्या गडाच्या दगडांत दोन मरणे आहेत. एक साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज निसटले, तेव्हा महाराजांचा वेष करून पालखीत बसला तो नेबापूरचा शिवा काशीद. जातीने न्हावी. दिवटी धरणाऱ्या समाजातला माणूस त्या रात्री स्वतःच पालखीत बसला, आणि जिवंत परत येणार नाही हे जाणून बसला. दुसरे मरण दंतकथेतले आहे. गडाचा तट बांधताना तो पुनःपुन्हा ढासळू लागला, तेव्हा गंगू नावाच्या तेलिणीचा बळी दिला आणि मग तट उभा राहिला, असे सांगतात. कथा खरी की खोटी याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण कथेतल्या राजाला बळी देण्यासाठी एक गरीब बाई सुचली आणि ऐकणाऱ्या पिढ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, एवढ्यावरूनही त्या काळच्या मनाची कल्पना येते. शिवा काशीद आपण होऊन गेला. गंगूला कोणी विचारले होते, असे कथेतही नाही.

आता करवीरचे छत्रपती शाहू महाराज यांच्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे, कारण या जिल्ह्यात मानाचा प्रश्न त्यांच्याइतका कोणी मुळापासून हाताळला नाही. १८९९ साली कार्तिकस्नानासाठी महाराज पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या नजरेस आणून दिली. शास्त्रीबोवा स्वतः ब्राह्मण आणि संस्कृतचे पंडित होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुरोहिताचे उत्तर साधारण असे होते की, शूद्राला पुराणोक्तच. राज्य ज्यांचे, नदी ज्यांची, वतन ज्यांनी दिलेले, त्या छत्रपतींना त्यांच्याच नदीत उभे करून खालची पायरी दाखवण्यात आली. प्रकरण पुष्कळ वाढले. अखेर १९०२ साली राजोपाध्यांचे वतन जप्त झाले.

इतर कोणी संस्थानिक असता तर स्वतःचा मान परत मिळाल्यावर स्वस्थ बसता. शाहू महाराजांचे मोठेपण यात आहे की त्या एका अपमानातून त्यांना लाखोंचा रोजचा अपमान दिसला. त्याच वर्षी २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये असे फर्मावले. गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही मग तो प्यावाच लागला. हुकूम कागदावर राहतात. चहाचा कप हातात घ्यावा लागतो. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव येथे परिषद भरली, तेव्हा महाराजांनी तेथे जाऊन तरुण डॉ. आंबेडकरांना त्यांच्या समाजाचे पुढारी म्हणून जाहीरपणे गौरविले.

या सगळ्यात महाराजांनी धर्म सोडला असे मात्र कोणी समजू नये. अंबाबाईवर त्यांची श्रद्धा होती. भुदरगड तालुक्यातील पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाला छत्रपती घराण्यात शिवकालापासून मान. त्याच मठाच्या गादीवर त्यांनी १९२० साली बेनाडीकर पाटील घराण्यातील सदाशिवरावांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसविले. मंत्र नकोत असे ते म्हणाले नाहीत. मंत्र म्हणण्याचा आणि ऐकण्याचा अधिकार सर्वांचा, असे ते म्हणाले. धर्म बुडाला, अशी ओरड त्या वेळी झाली. आज या तालुक्यात कोणाच्या लग्नामुंजीत कोणता मंत्र म्हटला जातो याची चौकशी कोणी करत नाही, आणि देवळांतली गर्दी तर वाढतेच आहे.

त्याच १९२० साली करवीर संस्थानात जोगतिणी-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला. पोरीच्या डोक्यात जट दिसली की देवीने बोलावले असे समजायचे आणि तिला सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडायचे, ही रूढी जिल्ह्याच्या दक्षिण भागात खोल रुजलेली होती. जोगतिणीला मान होता. तिची परडी भरत, घरी मंगलकार्य असेल तर बोलावत. पण तिला स्वतःचे घर नव्हते, नवरा नव्हता, मुलांना बापाचे नाव नव्हते. शंभर वर्षांपूर्वी कायदा झाला आणि तरी १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींच्या प्रश्नावर परिषद घ्यावी लागली, २००५ साली महाराष्ट्र शासनाला नव्याने कायदा करावा लागला. यावरून रूढीची मुळी किती चिवट असते ते ध्यानात येईल. जट ही देवीची खूण नसून केस न विंचरल्याने झालेला गुंता आहे, हे कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, बायकांच्या शेजारी बसून, हाताने केस सोडवून पटवून दिले. तेल, कात्री आणि धीर एवढ्या साहित्यावर जे झाले ते नुसत्या कायद्याने झाले नव्हते.

पंढरपूरची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून ती एका वाक्यात. विठोबाचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. चोखोबाची समाधी पायरीशी असलेल्या त्या देवळात चोखोबाच्या माणसांना आत यायला सहा शतके लागली.

इतिहासाचा हा एवढा विस्तार करण्याचे कारण जवळचे आहे आणि ते आता सांगितले पाहिजे.

शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी त्या गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायांतली जोडवी काढणे, तिला सण-समारंभांतून वगळणे, या प्रथा गावाने बंद कराव्यात असा तो ठराव. शाहू महाराजांच्या निधनाला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. करोनाच्या साथीने पंचविशी-तिशीतल्या मुलींची कपाळे पुसलेली गावाने पाहिली होती आणि ते पाहून पुष्कळांच्या पोटात कालवले होते. माणगावनेही तसाच ठराव केला. १७ मे रोजी महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून राज्यातील सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले.

या ठरावात विशेष काय आहे? तो पुण्या-मुंबईच्या सभागृहात झाला नाही, न्यायालयात झाला नाही. ऊस पिकवणाऱ्या, जत्रा करणाऱ्या, एकादशी पाळणाऱ्या माणसांच्या ग्रामसभेत झाला. मयताच्या वेळी घाटावर जी बायामाणसे पुढे होऊन बांगड्या फोडत असत ती याच गावातली होती आणि आता फोडू नयेत म्हणणारीही याच गावातली.

ठराव झाला म्हणून सारे एका दिवसात बदलले, असा दावा कोणी करू नये. स्वतः विधवा असलेल्या म्हाताऱ्याच कित्येकदा आड येतात. 'राहू दे, आमचं झालं, आता कशाला,' असे त्या म्हणतात. चाळीस वर्षे ज्या हळदी-कुंकवाच्या वेळी माजघरात बसून राहिल्या त्यांना एकाएकी पुढे बोलावले तर संकोच वाटणारच. काहींना खरी भीती असते की, ज्या घरात विधवेने ओटी भरली त्या घराचे काही वाईट झाले तर बोल आपल्यावर येईल. या भीतीला हसू नये. पण ती भीती कोणी घातली याचा शोध घ्यायला हरकत नाही. ज्योतिबाने ती घातलेली नाही. त्याच्या देवळात दर्शनाला आलेल्या बाईला कोणी कपाळ पाहून परत पाठवीत नाही. गुलाल सर्वांच्या अंगावर सारखाच पडतो. अंबाबाई अनवाणी डोंगर चढली तेव्हा मागून कोणत्या बायका येणार याचा तिने नियम केला नाही, आणि म्हणून खेट्यांत सवाशीण आणि विधवा एकाच वाटेने चालतात. मग गावच्या देवळात आल्यावरच हा भेद कोठून येतो?

जीर्णोद्धाराच्या निमंत्रणपत्रिका गावोगावी छापल्या जातात. त्यांत एक ओळ हटकून असते: 'सुवासिनींनी कलश घेऊन मिरवणुकीत सहभागी व्हावे.' लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, जुनी पत्रिका पाहून नवी लिहिली जाते. पण त्या ओळीने गावातल्या किती घरांना वगळले याची मोजदाद कोणी करत नाही. वर्गणीच्या वहीत मात्र ही वगळणूक दिसत नाही. तेथे रोजगाराला जाणाऱ्या विधवेचे पाचशे रुपये पाटलाच्या पाच हजारांच्या खाली नीट मांडलेले असतात. दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलातून कापून घेतलेली वर्गणी, बचत गटातून उचलून भरलेला हप्ता, पायाभरणीच्या वेळी दगड उचलायला दिलेले दिवस, या सगळ्यांत तिचा हात आहे. कलश वर चढताना मात्र ती मांडवाच्या मागल्या खांबाशी उभी असते. तिचा पैसा गाभाऱ्यात गेला आणि ती गेली नाही.

याच ठिकाणी ज्योतिबाची आणखी एक कथा आठवावी. राक्षसांचा संहार झाला, देवाचा मोठा सोहळा ठरला, सर्व देवदेवतांना निमंत्रणे गेली आणि यमाईला बोलवायचे राहून गेले. ती रुसली. देवाने तिची समजूत काढली आणि दर वर्षी भेटीला येईन असा शब्द दिला, असे सांगतात. चैत्र पौर्णिमेच्या सायंकाळी काठ्यांच्या मिरवणुकीनंतर पालखी निघते ती यमाईच्या देवळाकडे. लाखोंची ती यात्रा, त्या काठ्या, तो गुलाल, आणि त्या साऱ्याच्या शेवटी दख्खनचा राजा कोठे जातो, तर निमंत्रण द्यायचे राहिलेल्या एका बाईच्या दारी. ही कथा सांगणाऱ्या पूर्वजांना सोहळ्यात माणसे कशी सुटून जातात हे चांगले ठाऊक असले पाहिजे.

काही मंडळी विचारतात की, मान असा सर्वांना वाटत गेले तर मानकऱ्याचे काय उरेल? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काठी सांभाळली, दुष्काळातही जत्रा बंद पडू दिली नाही, त्यांचा हक्क कोणी हिरावू नये. पाडळीची काठी पहिलीच राहावी. पण १०८ काठ्यांच्या मागे मानाशिवाय आलेल्या काठ्याही नाचतातच की. देव त्यांच्यासाठी वेगळा गुलाल ठेवत नाही. गुरवाची पूजा गुरवाकडे राहून, पाटलाचा नारळ पाटलाकडे राहून, ओटीचे ताट कोणाच्या हाती द्यायचे एवढे गाव ठरवू शकते. त्याला शिखर उतरवावे लागत नाही की मुहूर्त काढावा लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव, आणि पहिल्या वर्षी देवळाच्या पायरीवर एक-दोन शहाण्या सासवांनी पुढे होऊन सुनेचा हात धरणे, एवढ्यावर ते भागते. शाहू महाराजांनी चहाचा कप असाच आधी स्वतः उचलला होता.

पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात देवराया आहेत. तेथील लाकूड घरच्या चुलीसाठी कोणी तोडत नाही, मात्र देवळाच्या दुरुस्तीला लागले तर देवाचा कौल घेऊन एखादे झाड घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. देवाचे देवासाठी वापरायचे तरी विचारून. जुनी मंडळी झाडालासुद्धा विचारत होती.

नव्या मंदिरातली पहिली जत्रा आता यायची आहे. त्या वेळी पत्रिका पुन्हा छापली जाईल, जुनी समोर ठेवून नवी लिहिली जाईल. मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी विश्वस्तांनी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि वर्गणीची वही शेजारी उघडून ठेवावी. वहीत जी नावे आहेत त्यांतली कोणती नावे पत्रिकेच्या त्या एका ओळीने बाहेर राहतात, हे तेथल्या तेथे मोजता येईल.

ज्योतिबाच्या नावानं चांगभलं.